व्यसनमुक्ती केंद्राच्या कोठीवर कोण बसलंय?

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला निलंग्याहून चुलतभावाचा फोन आला. त्याचा मेव्हणा, पिंट्या म्हणू, नाव बदललंय, दारूत पार गेलेला, आधी देशी, मग मिळंल ती, आणि यंदा येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, शेतात सगळ्या पाहुण्यांसमोर त्यानं आंबिलाचं बिंदगं लाथाडलं म्हणे, तेव्हापासून घरातल्यांनी ठरवूनच टाकलं की आता ह्याला कुठंतरी टाकायचं. "दादा, एक केंद्र सापडलंय, तीन महिन्याचं पॅकेज हाय, गाडी पण तेच पाठवतेत, रातच्याला येऊन उचलून नेतेत, आपल्याला हात बी लावायचं काम नाही. तू काय म्हणतो?" मी म्हणलं, विश्वस्त कोण आहेत तिथले? पलीकडं शांतता. मग म्हणतो, "कामून? पोरगी द्यायची हाय का त्यांच्या घरात?"

हसलो मी पण. पण पोरगी देताना आपण जेवढी चौकशी करतो, सोयरे कोण, शेती किती, कोर्टात काही चालू आहे का, त्याच्या निम्मी जरी माणूस केंद्रात टाकताना केली तरी लई झालं. मी गेली चौदा वर्षं लातुरात एका टॅक्सवाल्याच्या ऑफिसात संस्थांचे हिशोब लिहितो, शाळा, गोशाळा, भजनी मंडळं, आणि त्यात तीन-चार व्यसनमुक्तीवाल्या संस्था पण येऊन गेल्या, तर त्या रात्री फोनवर जे धड सांगता आलं नाही ते इथं टाइप करतोय.

सुरुवात इथून करू की अशा केंद्राला मालक नसतो. काही केंद्रं खाजगी असतात, डॉक्टरचं हॉस्पिटल असतं तशी, तिथं मालक आहे, तो फायदा घेतो, उघड गोष्ट आहे. मी बोलतोय ते देणगी घेणाऱ्या, पावतीवर नोंदणी नंबर छापणाऱ्या सेवाभावी संस्थेबद्दल. आपल्याकडं बोलायची पद्धतच अशी की अमक्या साहेबांची शाळा, तमक्या भाऊंचं कॉलेज, तसं हे 'सरांचं केंद्र'. पण कायद्यानं ती जागा, त्या खाटा, ती गाडी, बँकेतले पैसे सरांचे नसतात, समाजाचे असतात, आणि समाज काय रोज येऊन बघणार नाही म्हणून त्याच्या वतीनं काही माणसं नेमलेली असतात. ते विश्वस्त. ट्रस्टी.

गावजेवणाची पंगत डोळ्यासमोर आणा. आचारी आहे, वाढपी पोरं आहेत, बुंदीच्या पराती घेऊन पळापळ चाललीय. आणि एक माणूस कोठीच्या दारात खुर्ची टाकून बसलेला असतो, बहुतेक गावातला एखादा शब्दाला पक्का म्हातारा. तो रांधत नाही, वाढत नाही, जेवतो पण सगळ्यात शेवटी. पण किती पोती गहू आला, तेलाचे किती डबे फुटले, किती उरलं हे सगळं त्याच्या डोक्यात असतं, आणि वाढप्यानं सहावी परात मागितली की तो विचारतो, कुठल्या पंगतीला रे, आत्ताच तर नेली. तो उठून गेला की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, पहिल्या पंगतीच्या पत्रावळीत बुंदी उरून फेकली जाते आणि शेवटच्या पंगतीला बसलेल्या बायकांना नुसतं वरण-भात.

विश्वस्त म्हणजे हा कोठीवरचा माणूस. गोळ्या डॉक्टर देतो, समजावणं काउन्सेलर करतो, रोजचा कारभार संचालक बघतो. विश्वस्तानं ह्यातलं काहीच करायचं नाही, त्यानं विचारायचं. लोकांना वाटतं ट्रस्टी म्हणजे २६ जानेवारीला झेंडा लावणारा आणि फोटोत मधोमध बसणारा पाहुणा, आणि गंमत म्हणजे बऱ्याच ट्रस्टींना पण तसंच वाटतं.

आता कागदाचं. आपल्याकडच्या बहुतेक संस्था दोन कायद्यांखाली नोंदलेल्या असतात, एक १८६० चा सोसायटी नोंदणीचा, त्याला कमीतकमी सात माणसं लागतात, आणि दुसरा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा, जो आधी मुंबईच्या नावानं होता आणि आता महाराष्ट्राच्या नावानं आहे. म्हणून लेटरहेडवर दोन नंबर दिसतात, एक 'महा'वाला, एक 'एफ'वाला. (काही जण कंपनी कायद्यातली कलम ८ ची ना-नफा कंपनी काढतात, तिथं विश्वस्ताऐवजी डायरेक्टर असतात, काम तेच.) संस्थेची एक घटना असते, हो, तिला घटनाच म्हणतात, तिच्यात लिहिलेलं असतं की कार्यकारी मंडळ किती जणांचं, किती वर्षांसाठी, निवडायचं कसं, मीटिंग कधी, किती जण हजर असले तर ती मीटिंग धरायची. आणि धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात संस्थेचा एक उतारा असतो ज्याला आमच्या धंद्यात शेड्यूल वन म्हणतात, हा संस्थेचा सातबारा समजा, विश्वस्तांची नावं, पत्ते, मालमत्ता, सगळं त्यावर. कोणी राजीनामा दिला, कोणी वारलं, नवीन कोणी आलं, तर ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट टाकावा लागतो, म्हणजे आपल्या भाषेत फेरफार. आणि वारस लावायचा राहून गेला की मेलेला आजा जसा वीस-वीस वर्षं सातबाऱ्यावर मालक म्हणून जिवंत राहतो, तसंच इथंही होतं.

आणि हे सात जण येतात कुठून? संस्था काढणारा एक, त्याची बायको कोषाध्यक्ष, मेव्हणा सचिव, वर्गमित्र एक, गावात मान आहे म्हणून एक रिटायर गुरुजी, कागद बघायला एक वकील, आणि सातवा कमी पडला म्हणून गाडीचा ड्रायव्हर. अतिशयोक्ती वाटत असंल तर एखाद्या संस्थेचा उतारा काढून बघा. कायदा नातेवाइकांना सरसकट अडवत नाही, आणि सुरुवातीला दुसरं कोण येणार हेही खरंच, उसनवारी करून केंद्र काढायच्या दिवसांत घरचीच माणसं उभी राहतात. अडचण पुढं येते. जेवणाच्या टेबलावर नवऱ्याला जे विचारता येत नाही ते मीटिंगमधे कोषाध्यक्ष म्हणून कोण विचारणार?

मीटिंगचं पण सांगतो, खोटं कशाला बोलू, माझ्याच हातचं आहे. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी प्रोसिडिंग बुकं लिहिलेली आहेत, ऑडिटच्या आदल्या रात्री, चहा पीत, एकाच निळ्या पेनानं, वर्षाच्या चारही मीटिंगा. 'विषय क्रमांक तीनवर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' चर्चा कुठली, माणसंच जमली नव्हती. दुसऱ्या दिवशी रजिस्टर घेऊन एक पोरगा मोटरसायकलवर सात घरं फिरायचा, सह्या व्हायच्या, कोणी वाचायचं नाही. ह्या लोकांना आम्ही ऑफिसात सह्याजीराव म्हणायचो. आता तसं करत नाही मी, पण तेव्हा केलंय.

सह्याजीरावांना एक माहीत नसतं, की 'माझं नुसतं नाव होतं' हे कायद्यात चालत नाही. हिशोब सारखे सारखे न देणं, कामाकडं सतत दुर्लक्ष करणं, विश्वासघात, ह्यावरून धर्मादाय आयुक्त विश्वस्ताला निलंबित करू शकतात, काढू शकतात, आणि संस्थेचं नुकसान झालं तर ते त्याच्याकडून भरून घेण्याची पण तरतूद आहे. संस्थेची जमीन किंवा इमारत आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, संस्थेच्या नावानं कर्ज काढायलाही परवानगी लागते, आणि संस्थेचे पैसे विश्वस्तानं स्वतःसाठी उसने घेणं तर साफ बंद. तरी 'दोन दिवसांसाठी खात्यातून फिरवले, लगेच टाकले' हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय ते सांगत नाही.

पैशाच्या बाबतीत विश्वस्तानं फार हुशार असायची गरज नाही, चिकट असलं तरी पुरं. पैसा कुठून येतो? पेशंटच्या घरच्यांची फी, देणग्या, कुठं सरकारी अनुदान, कुठं संभाजीनगरच्या वाळूज-शेंद्र्याकडच्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्याला द्यायचा पैसा. प्रत्येकाची नियमाची शेपटी वेगळी. देणगीदाराला ८०जी ची, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्सची सवलत हवी असंल तर दोन हजारांच्या वरची देणगी रोख चालत नाही. सीएसआर घ्यायचा तर संस्थेला आधी सीएसआर-१ चा फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. परदेशातून पैसा घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आणि तो पैसा २०२० च्या दुरुस्तीनंतर आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. वर्ष ३१ मार्चला संपलं की सहा महिन्यांत ऑडिट रिपोर्ट धर्मादायला. हे सगळं सीए करतो, विश्वस्तानं फक्त चेकवर दोन सह्या आहेत का, पावती न फाडता फी घेतली जाते का, आणि मोंढ्यातून आलेल्या किराण्याचं बिल खाणाऱ्या तोंडांशी जुळतं का एवढं जरी बघितलं तरी ऐंशी टक्के भानगडी जागच्या जागी थांबतात. (हे ऐंशी टक्के माझ्या अंदाजाचे, कुठल्या अभ्यासातले नाहीत.)

इथपर्यंतचं शाळेला लागू, गोशाळेलाही लागू. मग व्यसनमुक्तीच्याच विश्वस्तांवर वेगळा लेख कशाला?

शाळेत पोराला मास्तरनं मारलं तर पोरगं घरी येऊन सांगतं आणि बाप दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. हॉस्पिटलात नीट बघितलं नाही तर नातेवाईक आरडाओरडा करतात. पण केंद्रात ठेवलेला माणूस असा आहे की त्याच्यावर कोणाचाच विश्वास राहिलेला नाही. त्यानं गेली दहा वर्षं घरच्यांना खोटं सांगितलेलं असतं, बायकोचं डोरलं विकून 'चोरी झाली' म्हणालेला असतो, पोराच्या फीचे पैसे घेऊन गुत्त्यावर गेलेला असतो. तो फोनवर म्हणला की मला इथं मारतेत, तर घरचे म्हणणार, चालला ह्याचा बहाणा, घरी यायचंय त्याला. आणि बऱ्याच वेळा तो खरंच बहाणा असतो! पण ज्या एका वेळेस तो खरं बोलत असतो, त्या वेळेस त्याचं ऐकायला कोण आहे? आई-बाप नाही, बायको नाही, गाव नाही. कायद्यानं नेमलेला आणि त्या दारातून आत जायचा हक्क असलेला जवळचा माणूस उरतो तो विश्वस्त. हे ज्या विश्वस्ताला कळलं त्याला बाकीचं शिकवावं लागत नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, मे २०१८ पासून लागू झालेला, त्यानं दारू आणि ड्रग्जमुळं होणारे मानसिक त्रास पण मानसिक आजारात धरलेत. म्हणजे माणसं ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी पाहिजे, नुसता धर्मादायचा नंबर पुरत नाही. माणूस स्वतःहून आला असंल तर तो स्वतःहून जाऊ पण शकतो, त्याला कोंडून ठेवता येत नाही. मर्जीविरुद्ध ठेवायचं असंल तर घरच्या प्रतिनिधीचा अर्ज लागतो आणि दोन जणांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक सायकॅट्रिस्ट, आणि तेही जास्तीत जास्त ३० दिवस, पुढं ठेवायचं तर पुनरावलोकन मंडळाची परवानगी. कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी. जबरदस्तीनं टक्कल करायला बंदी. जबरदस्तीनं काम करून घ्यायला बंदी, आणि काम केलं तर त्याचा योग्य मोबदला द्यायचा. आता हे वाचून ते 'गाडी पाठवतो, रात्री उचलून नेतो, तीन महिने सोडत नाही' आठवा. जाहिरातीतच कायदा मोडलेला असतो आणि खाली विश्वस्तांच्या नावात रिटायर गुरुजींचं नाव असतं.

गुरुजी वाईट नसतात हो. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

उपचाराची पण एक गोष्ट विश्वस्ताला माहीत पाहिजे, डॉक्टर नसला तरी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर अंग नुसतं थरथरत नाही, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान माणूस भ्रमात जाऊ शकतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, वेळेवर उपचार नाही झाले तर जीव जातो. लोकांना वाटतं गांजा-अफू-बटन गोळ्या डेंजर आणि दारू आपली नेहमीची, पण सुटताना दारू जीव घेऊ शकते. (बटन म्हणजे त्या झोपेच्या गोळ्या, त्या पण एकदम तोडायच्या नसतात.) म्हणून विश्वस्तानं मीटिंगमधे विचारायचं की पहिले पाच दिवस डॉक्टर किती वेळा येतो, रात्री दोन वाजता फिट आली तर कोण काय करणार, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज असो की संभाजीनगरची घाटी, जे जवळ असंल तिथपर्यंत न्यायला गाडीत डिझेल आहे का. आणि एक रजिस्टर दर मीटिंगला टेबलावर मागायचं: कोण मेलं, कोण दवाखान्यात हलवलं, कोणाला लागलं, कोण पळून गेलं. पळून जाणाऱ्यांचा आकडा अचानक वाढला तर समजायचं आत काहीतरी बिघडलंय. उलट 'आमच्याकडून कोणी पळतच नाही' म्हणले तर आधी भिंतीची उंची बघून यायची.

तसंच ते '९५ टक्के रिझल्ट'चे फ्लेक्स. कसे मोजले? तीन महिने आत होता तेवढ्या दिवसांत प्याला नाही, हा रिझल्ट? बाहेर पडल्यावर वर्षभरानं फोन केला होता का? व्यसनात माणूस परत घसरणं हे नेहमीचं आहे, ह्या लोकांच्या भाषेत स्लिप होणं, त्यात लाज वाटायसारखं काही नाही, पण खोटा आकडा छापणं ही विश्वस्तांच्या नावावरची लबाडी आहे.

आता मंडळावर माणसं कोण असावीत, हा मला सगळ्यात जास्त आवडणारा विषय, तेव्हा जरा लांब जाईल.

एका संस्थेची मीटिंग मी बघितलीय, हिशोब घेऊन गेलो होतो म्हणून बसवून घेतलं. डॉक्टर होते, वकील होते, मोंढ्यातले एक मोठे आडते होते, आणि नवीनच घेतलेले एक रिटायर एसटी ड्रायव्हर, बारा वर्षांपासून सोबर, म्हणजे दारू सुटलेले. सगळ्यांनी केंद्र फिरून बघितलं, डॉक्टर म्हणले औषधांचं कपाट चांगलं, आडते म्हणले फरशी चांगली बसवली. ड्रायव्हर काही बोलंनात. मग मीटिंग संपता संपता म्हणले, "त्या मागच्या खोलीच्या दाराला कडी बाहेरून कामून हाय? आतून का नाही?" कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सगळ्यांनी ते दार बघितलेलं, हातानं उघडलेलं. संचालक काहीतरी सांगाय लागले, रात्री सेफ्टीसाठी वगैरे, तर हे शांतपणे म्हणले, "सायेब, मी असल्या खोलीत झोपलेलो हाय. लघवीला कुठं करायची रातच्याला?" त्या दिवशी ठराव झाला आणि कडी निघाली. प्रोसिडिंग बुकात खरोखरची चर्चा लिहिलेला माझ्या आयुष्यातला तो पहिला ठराव असावा.

तशी एखादी बाई पण पाहिजे, नुसती महिला प्रतिनिधी म्हणून कोपऱ्यात बसवलेली नाही, दारुड्याच्या घरात वीस वर्षं काढलेली. बीडकडं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत उचल घेतली की निम्मी कुठं जाते ते तिला विचारा, फी किती ठेवावी आणि हप्ता कधी मागावा हे तिच्याइतकं कोणाला कळत नाही. कोयता, म्हणजे तोडीला गेलेली नवरा-बायकोची जोडी, परत आल्याशिवाय त्या घरात रोकड नसते, आणि तुम्ही फी मागता दिवाळीत.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ ला अमेरिकेत अक्रन गावात सुरू झालं, दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरलं आणि तिथून. आज लातूर-नांदेडलाही ज्या मीटिंगा भरतात त्या त्याच. एए स्वतः केंद्रं चालवत नाही, हे आधी सांगतो कारण लोक गल्लत करतात. पण अमेरिका-कॅनडाच्या एएचं जे वरचं मंडळ आहे त्याची रचना बघण्यासारखी आहे: २१ विश्वस्त, त्यातले १४ स्वतः दारूतून बाहेर आलेले आणि ७ जण कधीच दारुडे नसलेले. हे सात कशाला? एक कारण फार सोपं आहे. सोबर माणसाला तिथं नाव गुप्त ठेवायचं असतं, तर कॅमेऱ्यासमोर उभं राहायला, पेपरात फोटो द्यायला ज्याला नाव लपवायची गरज नाही असा माणूस पाहिजे. आणि त्यांच्या बारा परंपरांत एक अशी आहे की आमचे पुढारी हे फक्त विश्वासू सेवक, ते राज्य करत नाहीत. पैशाबद्दल पण त्यांनी लवकर शहाणपण घेतलं. १९३८ च्या सुमाराला त्यांना वाटत होतं तिथला बडा श्रीमंत रॉकफेलर भरभरून पैसा देईल, त्यानं पाच हजार डॉलर दिले आणि जास्त पैशानं हे काम बिघडेल असं सांगितलं. पुढं त्यांनी नियमच केला की आपला खर्च आपणच भागवायचा, बाहेरची देणगी नको.

आपल्याकडच्या सेवाभावी केंद्राला तसं करणं शक्य नाही, खाटा, डॉक्टर, जेवण, खर्च आहे. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ ला सुरू झालं तेव्हा पैसा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांकडून आला, उपचार डॉ. अनिता अवचटांनी हातात घेतले, जागा येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातली. मला ह्यात आवडतं ते हे की पैसा एकाचा, ज्ञान दुसऱ्याचं, जागा तिसऱ्याची. आपल्याकडच्या बऱ्याच केंद्रांत तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या.

आणि तो एक माणूस बहुतेक वेळा फार चांगला असतो, इथंच खरी अडचण. स्वतः प्यायचा, स्वतः सावरला, मग शंभर जणांना सावरलं. त्यातल्या दोघा-तिघांना त्यानं पुढं मंडळावर घेतलं. ते येऊन सांगतात की सरांनी मला जीवदान दिलं, आज लेकरं शाळेत आहेत ती त्यांच्यामुळं. खरं आहे. पण ज्यानं जीव वाचवला त्याला 'सर, ह्या पन्नास हजाराची पावती कुठंय' असं कोण विचारू शकंल? म्हणून मी ज्या संस्थांना विचारलं त्यांना हेच सांगितलं की सोबर माणसं घ्याच, पण दुसऱ्या गावाची घ्या, ज्यांना सरांनी सावरलेलं नाही अशी. उदगीरच्या केंद्राला परभणीचा माणूस.

सोबर विश्वस्त स्लिप झाला तर? हे होणार आहे, कधीतरी होणारच, आणि झाल्यावर नियम करायला बसलात की बोभाटा. आधीच लिहून ठेवायचं की असं झालं तर त्यानं स्वतः अध्यक्षाला सांगायचं, काही महिने मंडळाच्या बाहेर बसायचं, चेकवरची सही थांबवायची, आणि परत यायची वाट मोकळी ठेवायची. एका ठिकाणी असं झालं तेव्हा बाकीच्यांनी त्याचं नावच खोडलं, त्याला केंद्रात पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणजे दुसऱ्यांना जो उपचार देता तो आपल्याच माणसाला नाही.

हितसंबंधाचं थोडक्यात. इमारत विश्वस्ताची आणि भाडं संस्था देते, औषधं विश्वस्ताच्या भावाच्या मेडिकलमधून येतात, असं छोट्या गावात होणारच, दुसरं मेडिकल आणायचं कुठून. लिहून ठेवा, दर बाजारभावाशी जुळवा, आणि त्या विषयाला तो माणूस खोलीबाहेर चहा प्यायला गेला पाहिजे. बाजारभावापेक्षा जास्त दिलं तर इन्कम टॅक्सची सवलत पण अडचणीत येते.

पण परमिट रूमवाल्याची देणगी घ्यावी का, ह्यावर मी थोडक्यात नाही बोलू शकत. एका संस्थेनं घेतली. शेडसाठी एक लाख. विश्वस्त म्हणले पैशाला वास नसतो, आणि निदान वाईटातून चांगलं होतंय. मला पण तेव्हा पटलं होतं. मग शेडवर देणगीदाराची संगमरवरी पाटी लागली. भेटीच्या दिवशी एक बाई नवऱ्याला भेटायला आली, पाटी वाचली, आणि म्हणली, "ह्याच्याच दुकानात माझं डोरलं गेलं." आत गेलीच नाही ती, डबा वॉचमनकडं देऊन परतीच्या गाडीला लागली. ज्या गावांत बायकांनी आडवी बाटली करून दुकानं बंद पाडली तिथल्या केंद्रानं ते पैसे घेऊ नयेत असं माझं मत आहे, कोणाला पटो न पटो.

तर चुलतभावाला मी सांगितलं ते एवढंच: केंद्राला फोन कर, मानसिक आरोग्यची नोंदणी आहे का विचार, डॉक्टर कोण विचार, विश्वस्तांतल्या एकाचा नंबर माग, आणि पिंट्याला गाडीत कोंबायच्या आधी तू एकटा जाऊन जेवणाच्या वेळेला बसून ये. नाहीतर १४४४६ ला फोन लाव, ती सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे.

चार दिवसांनी परत फोन. केंद्रावरचा पोरगा म्हणला होता, "हे इचारणारे तुमीच पहिले," पण नंबर दिला, आपल्या भागातल्याच एका गुरुजींचा. ह्यानं लावला. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणले, "बाळा, मी तिथला विश्वस्त? मी तीन वर्षं झाले राजीनामा देऊन."

मी म्हणलं, गुरुजींना परत फोन लाव आणि विचार राजीनाम्याच्या कॉपीवर पोचल्याचा सही-शिक्का आहे का. असंल तर झेरॉक्स घेऊन धर्मादायला जाऊ दे त्यांना, मी येतो बरोबर, कारण चेंज रिपोर्ट कोणी टाकलेला दिसत नाही आणि उताऱ्यावर ते अजून बसलेलेच आहेत.

"आन् पिंट्याचं?"

उद्या त्याला घेऊन लातूरला ये, आधी सायकॅट्रिस्टला दाखवू.